भाडं आणि हप्ता: पुण्यातल्या टू-बीएचकेचा हिशेब

‘भाडं भरण्यापेक्षा हप्ता भर, घर तरी होईल’ हा सल्ला घरोघरी मिळतो. पण भाडं आणि हप्ता यांची थेट तुलना होत नाही. भाडं सगळंच्या सगळं खर्च असतं. हप्त्यात व्याज हा खर्च आणि मुद्दल ही बचत असते. शेजारी ठेवायचे ते दोन्हीकडचे परत न येणारे पैसे.

८० लाखांचा तयार फ्लॅट घ्या. त्याच इमारतीत तसाच फ्लॅट मेंटेनन्ससह २४ हजारांनी भाड्याने मिळतो असं धरू.

विकत घेताना बँक ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देईल. उरलेले १६ लाख तुमचे. वर ७ टक्के मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. यासाठी सहसा कर्ज मिळत नाही, आणि नेमकी इथेच अनेकांची ओढाताण होते. खरेदीखत फक्त स्त्रीच्या नावे केलं तर शुल्कात एक टक्का, म्हणजे ८० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की ती सवलत जाते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत साधारणपणे ५ टक्के जीएसटी वेगळा, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं व बँकेचं व्याज दोन्ही भरायचं.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ५५,५४० रुपये होतो. पहिल्या हप्त्यात ४५,३३३ रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दल जेमतेम दहा हजारांनी उतरतं. मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला बारावं वर्ष उजाडतं.

पहिल्या वर्षाचं व्याज ५.३९ लाख. स्वतःचे गुंतलेले २१.९ लाख मुदत ठेवीत असते तर ७ टक्क्यांनी १.५३ लाख मिळाले असते, तेही धरायला हवेत. मेंटेनन्स ४२ हजार, मिळकतकर १२ हजार धरला, तर बेरीज ७.४६ लाख. (स्वतः राहत असाल तर महापालिकेकडे ‘पीटी-३’ हा सवलतीचा अर्ज भरून मिळकतकरातली ४० टक्के सवलत जरूर घ्या.)

भाडेकरूचं वर्षाचं भाडं २.८८ लाख, एजंटला एक महिन्याचं भाडं २४ हजार, लाखभर डिपॉझिटचं बुडालेलं व्याज ७ हजार, करारनोंदणी दोनेक हजार. एकूण ३.२१ लाख.

फरक सव्वाचार लाखांचा, म्हणजे घराच्या किमतीच्या ५.३ टक्के. घराचा भाव वर्षाला एवढा वाढणार असेल तर दोघे बरोबरीत. पाच वर्षांत विकायचं असेल तर शुल्क-नोंदणीचे ५.९ लाख पाच वर्षांत वाटले जातात आणि हाच आकडा ६.८ टक्क्यांवर जातो. बदलीची नोकरी असलेल्यांनी म्हणूनच घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुढे मात्र पारडं फिरतं. भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं तर चौदा-पंधरा वर्षांत ते दुप्पट होतं. हप्ता दर बदलला तरच हलतो. दर वाढल्यावर बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात, तेव्हा शिल्लक हप्ते किती झाले ते लेखी विचारा. आणि भाडेकरू स्वस्तात राहतो हे खरं ठरतं ते त्याने हप्ता व भाडं यांतला फरक खरोखर बाजूला टाकला तरच. तो खर्चून टाकला तर वीस वर्षांनी मालकाकडे घर असतं, भाडेकरूकडे डिपॉझिट.

करसवलतीवर दोघांनीही फार विसंबू नये: राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट आणि घरभाडे भत्त्याची सूट, दोन्ही जुन्या करप्रणालीतच मिळतात.

भाड्याने राहणार असाल तर करार फक्त नोटरी करून थांबू नका. लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे या भाडेकराराची, नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे आणि जबाबदारी घरमालकाची. रंगकामाची कपात, लॉक-इनचे (घर सोडता न येणारे) महिने आणि डिपॉझिट परत करण्याची तारीख त्यातच लिहून घ्या.