अंदमानात मुक्काम कुठे करायचा? बुकिंगआधी वाचायचं माहितीपत्रक

अंदमानची चौकशी करायला येणारे बहुतेकजण मोबाइलवर एखाद्या हॉटेलचा फोटो दाखवतात. दारात समुद्र, दोन माडांना बांधलेला झोपाळा, पुढे निळंशार पाणी. "हेच बघा, बाकी कुठलंही चालेल." फोटो खोटा नसतो. फक्त तो भरतीच्या वेळी काढलेला असतो.

आमच्याकडूनही ही चूक झालेली आहे. पाच जणांचं कुटुंब, हॅवलॉक बेटाच्या विजयनगर किनाऱ्यावर तीन रात्री, आणि मधली नेमकी पौर्णिमा. दुपारी जेवून, कपडे बदलून मंडळी खाली उतरली तर समुद्र जागेवर नाही. पाणी दूर मागे सरकलेलं, मधल्या पट्ट्यात ओली वाळू, दगड, प्रवाळाचे तुकडे आणि एका कुशीवर कलंडलेली होडी. काकूंचा फोन आला, "अहो, तुम्ही समुद्रासमोरची खोली म्हणाला होतात ना? समुद्र कुठाय?" हॉटेलचा काही दोष नव्हता, आमचा होता. तेव्हापासून आम्ही खोली शेवटी बघतो. आधी बघतो तो किनारा, आणि तुमच्या तारखांची तिथी.

आधी नावांचा घोळ

30 डिसेंबर 2018 ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक आणि नील हे दोघेही 1857 चा उठाव चिरडणारे इंग्रज सेनाधिकारी, त्यामुळे ती नावं गेली याचं आम्हाला वाईट वाटत नाही. पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत, म्हणून इथेही तीच वापरली आहेत. तिकिटावर नवं नाव दिसलं तर चुकीच्या गावाचं तिकीट आलं म्हणून घाबरू नका.

हॅवलॉक: पूर्वेला की पश्चिमेला?

हॅवलॉकवर किनाऱ्यांना नंबर आहेत. 1 नंबरला जेट्टी, 3 नंबरला गोविंदनगरचा बाजार, 5 नंबर म्हणजे विजयनगर, 7 नंबर म्हणजे राधानगर. जेट्टी, बाजार, विजयनगर आणि त्याच्या पुढचा कालापत्थर हे पूर्वेच्या अंगाला. राधानगर बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेकडे. जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर, सुपारीच्या बागांतून आणि मग दाट जंगलातून.

पोहायचं असेल तर राधानगर. 2004 मध्ये 'टाइम' मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं होतं, आणि एकदा जाऊन आलात की त्यावर वाद घालावासा वाटत नाही. तळाला निखळ वाळू, उतार सौम्य, ओहोटीतही पाण्यात उतरता येतं. मग सगळ्यांना तिथेच का नाही ठेवत? कारण तिथे मुक्कामाच्या जागा मोजक्या आहेत आणि चांगल्या त्या महाग. शिवाय बाजार लांब. रात्री आठला बाळासाठी दूध किंवा डोकेदुखीची गोळी हवी झाली तर जंगलाचा रस्ता तुडवत यावं लागतं. ज्यांना हॉटेलबाहेर पडायचंच नाही, नुसतं निवांत पडून राहायचं आहे, त्यांनी खुशाल राधानगरला राहावं. नव्या जोडप्यांना आम्ही तेच सुचवतो.

बाकीच्यांसाठी विजयनगर किंवा गोविंदनगर. खानावळी, औषधाचं दुकान, भाड्याची स्कूटर, स्कूबाची (हवेची टाकी लावून पाण्याखाली डुबकी मारायची) दुकानं सगळं याच पट्ट्यात. सूर्योदय अंगणातून दिसतो. भरतीला पाणी पायरीशी येतं आणि ते खरोखर तलावासारखं संथ असतं, लहान मुलांना खेळायला छान. ओहोटीला मात्र वर सांगितलं तसं. अनवाणी जाऊ नका, प्रवाळाने कापलेला पाय सहल संपेपर्यंत भरत नाही. राधानगरला दुपारी रिक्षाने किंवा स्कूटरने जा, सूर्यास्त बघून परत या.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. "चहा घेऊन साडेपाचला निघू" म्हणणाऱ्यांनी राधानगरचा सूर्यास्त आजवर पाहिलेला नाही. उलट पहाटे पाचलाच उजाडायला लागतं. खोलीला जाड पडदे आहेत का, हा प्रश्न म्हणून आम्ही हॉटेलला न चुकता विचारतो.

तिथीचं गणित

कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. अंदमानात हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, भरती साधारण दोन तास आधी येते. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास सकाळी दहाच्या सुमाराला पाणी भरलेलं आणि दुपारी चारच्या सुमाराला पार खाली गेलेलं. काकूंची दुपार अशी कोरडी गेली. त्यातून उधाणाचे दिवस, म्हणजे पाणी जितकं वर चढतं तितकंच मागे सरतं.

अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. पाणी फार चढत नाही, फार ओसरतही नाही. विजयनगरला राहायचं असेल तर हे दिवस चांगले. रजा आधीच मंजूर झाली असेल आणि तारखा बदलता येत नसतील तरी बिघडत नाही, पोहायची वेळ सकाळी धरायची इतकंच. ही ढोबळ गणितं आहेत; नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात आणि त्या आम्ही तुमच्या कागदांसोबत देतो.

नील

नील लहानसं, सपाट, शेतीचं बेट. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती, भाजीपाल्याचे मळे, आणि गावांची नावं थेट रामायणातली: रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त. भरतपूर जेट्टीला लागून. दिवसा काचेच्या तळाच्या होड्यांची गर्दी, शेवटची फेरी गेली की सामसूम.

बऱ्याच सहलींत नील दोन बोटींच्या मधल्या तीन-चार तासांत उरकतात. आमच्या मते त्यापेक्षा न गेलेलं बरं. नीलची मजा संध्याकाळी आहे, पर्यटक परतल्यावर. शिवाय इथला खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीतच नीट बघता येतो, आणि तुमचे तीन तास नेमके भरतीत सापडले तर एवढं चालत जाऊन हाती काही लागत नाही. एक रात्र राहिलात की दिवसातली एक तरी ओहोटी उजेडात मिळतेच.

राहण्याच्या जागा साध्या आहेत. दुकानं लवकर बंद होतात, फोनची रेंज बेभरवशाची. थोडी रोकड जवळ असू द्या. जेवण बंगाली वळणाचं: भात, डाळ, मासे, आणि शेजारच्या मळ्यातली भाजी. शाकाहारी मंडळींचे इथे हाल होतील असं वाटतं, पण उलट ताजी भाजी हॅवलॉकपेक्षा इथेच बरी मिळते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र आधी सांगा. आयत्या वेळी ते जमत नाही.

पोर्ट ब्लेअर

इथे समुद्रासमोरच्या खोलीसाठी जादा पैसे मोजू नका. शहराजवळ पोहण्याजोगा किनारा कोर्बिन्स कोव्ह हा एकच, आणि तुम्ही पुढे हॅवलॉक बघणारच आहात. अबर्डीन बाजाराच्या आसपास राहिलात तर सेल्युलर जेल जवळ, रॉस बेटाची बोटही तिथूनच. रात्रीचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम बघून चालत परतता येतं. आपल्याकडच्या ज्येष्ठांना सावरकरांच्या कोठडीपाशी डोकं टेकवायचंच असतं. ती वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे आणि जिने चढावे लागतात. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी सकाळी उन्हाआधी, दमादमाने जावं.

बारटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायच्या असतील तर ती सहल पोर्ट ब्लेअरहूनच होते. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ताफ्याने, ठरलेल्या वेळीच सोडतात, त्यामुळे हॉटेलातून पहाटे तीनच्या सुमाराला निघावं लागतं. त्या रात्रीसाठी भारी खोली घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता सर्वात महत्त्वाचं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने यायचं आणि दुपारचं विमान पकडायचं, असा बेत आम्ही कुणालाही करून देत नाही, कितीही आग्रह केला तरी. खासगी बोटीला दीड-दोन तास लागतात हे खरं, पण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. स्कूबा करणाऱ्यांसाठी आणखी एक कारण: शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी निदान 18 तास जाऊ द्यावे लागतात. (10 वर्षांखालच्या मुलांना स्कूबा करू देत नाहीत. त्यांच्यासाठी स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं, आहे; रडारड होण्याआधी घरीच सांगून ठेवा.)

सहा रात्री असतील तर पहिली पोर्ट ब्लेअर, मग तीन हॅवलॉक, एक नील, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. पाचच असतील तर नील गाळा. हॅवलॉकची रात्र कमी करून सगळं बसवण्याचा मोह होतो, पण मग सुट्टीतला निम्मा वेळ बॅगा घेऊन जेट्टीच्या रांगेत जातो.

ऋतू

मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिथे मोसमी पाऊस पोचतो. पावसाळ्यात दर उतरतात, पण राधानगरवर नैर्ऋत्येचा वारा थेट येतो आणि समुद्र पोहण्याजोगा राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचा वारा असतो, तेव्हा कधीकधी विजयनगरच्या बाजूला पाणी हलतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र सगळ्यात शांत, पण बेटांवर गोड्या पाण्याची चणचण सुरू होते. काही हॉटेलांत नळाला मचूळ पाणी येतं. केस धुतल्यावर चिकट राहिले म्हणून तक्रार करू नका, प्यायचं पाणी वेगळं मिळतं.

खोली बघताना

बांबूची झोपडी फोटोत देखणी दिसते, पण पावसात ओल धरते आणि शेजारच्यांचं घोरणं ऐकू येतं. लहान मूल किंवा वयस्क बरोबर असतील तर पक्की खोली, तळमजला, आणि वीज गेली तर जनरेटर एसी ओढतो की नुसता पंखा, एवढं विचारून घ्यायचं. "किनाऱ्यापासून पाच मिनिटं" असं लिहिलेलं असेल तर पायी की गाडीने, तेही.

वाळूतल्या बारीक माशा, सँडफ्लाय, डोळ्यांना दिसत नाहीत पण चावल्या तर आठवडाभर खाजवत बसावं लागतं. नुसत्या वाळूवर बसू नका, चटई न्या, पायांना खोबरेल चोपडा. मगरीची पाटी दिसेल तिथे पाण्यात उतरू नका, ती पाटी शोभेला लावलेली नाही. आणि शंख-प्रवाळ कितीही सुंदर असले तरी पिशवीत टाकू नका. प्रवाळ उचलणं कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

चौकशीला याल तेव्हा एवढं सांगा: बरोबर कोण कोण आहे, कुणाला जिने चढवत नाहीत, पोहता कितीजणांना येतं, आणि जेवणात काय चालत नाही. हॉटेलचा फोटोही जरूर आणा. तो कुठल्या किनाऱ्याचा आहे ते बघू, तुमच्या तारखांना तिथे दुपारी पाणी असेल का ते तक्त्यात काढू, आणि मगच आगाऊ रक्कम घेऊ.