पोकळ भिंत आणि तिच्यातले पाइप: फर्स्ट फिक्सच्या भांडणाची पार्श्वभूमी

स्वतःचं घर स्वतः बांधायला घेतलेल्या माणसाचा उत्साह साधारण लाकडी सांगाडा उभा राहीपर्यंत टिकतो. भिंती उभ्या दिसायला लागतात, छत चढतं, फोटो काढून होतात आणि मग येतं फर्स्ट फिक्स. म्हणजे भिंतींवर बोर्ड किंवा गिलावा चढायच्या आधी जे जे कायमचं भिंतीच्या पोटात जाणार ते सगळं बसवून घ्यायचं, सांडपाण्याचे पाइप, गार-गरम पाण्याच्या लाइनी, वायरी, आणि त्यासाठी लागणारे आडवे ठोकळे वगैरे. अमेरिकेत याच टप्प्याला रफ-इन म्हणतात. नळ, बेसिन, कमोड हे सगळं नंतर, सेकंड फिक्सला.

आणि नेमकं इथेच सुतारकाम आणि प्लंबिंग एकमेकांच्या अंगावर येतात. सुतार म्हणतो माझ्या तुळईला हात लावू नको, प्लंबर म्हणतो मग पाणी काय वर चढवू का. दोन्ही कामं एकच माणूस करत असला तर भांडण त्याच्या डोक्यात चालतं, एवढाच फरक. यात चूक कुणाचीच नसते, कारण ही भिंत जेव्हा शोधली गेली तेव्हा तिच्यात पाइप जाणार आहेत हे कुणाच्या मनातही नव्हतं. नंतर पाइप आत आले, मग घाबरून बाहेर गेले, मग परत आत आले, आणि आज जे नियम आपल्याला जाचक वाटतात ते बहुतेक या ये-जा करण्यातून आलेले आहेत.

आधी भिंतीचं बघू. जुनी लाकडी घरं जाड खांब-तुळयांची, एका लाकडाचं टोक कोरून दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची, कसबी सुतार आणि उचलायला दहा-बारा माणसं असल्याशिवाय जमायचंच नाही. १८३० च्या दशकात शिकागोत वेगळाच प्रकार जोरात चालू झाला, जवळजवळ लावलेल्या बारीक फळ्या आणि नुसते खिळे. याला बलून फ्रेम म्हणतात. श्रेय कुणी जॉर्ज स्नो याच्या १८३२ च्या गोदामाला देतं, कुणी ऑगस्टिन टेलरने १८३३ मध्ये बांधलेल्या सेंट मेरी चर्चला, आणि काही अभ्यासक म्हणतात की ही पद्धत त्याआधीच मिसिसिपी खोऱ्यातल्या फ्रेंच वस्त्यांत होती. ते काही असो, ती पसरली त्याचं कारण साधं आहे, यंत्राने कापलेले खिळे स्वस्त झाले होते आणि गिरणीतून एकसारख्या मापाचं लाकूड मिळायला लागलं होतं. हातोडी, करवत आणि दोन माणसं असली की घर उभं. आजचा स्वतः घर बांधणारा गडी खरं तर इथूनच सुरू होतो.

पण या प्रकाराने भिंत पोकळ झाली. बलून फ्रेममध्ये स्टड, म्हणजे भिंतीतली उभी लाकडं, जोत्यापासून थेट छतापर्यंत अखंड जायचे, मधली जागा खालून वर मोकळी. तळघरात आग लागली की तीच पोकळी चिमणी व्हायची आणि आग सरळ माळ्यावर. म्हणून मजल्यागणिक मध्ये लाकडी अडथळे ठोकायची पद्धत आली, आणि विसाव्या शतकात प्लॅटफॉर्म फ्रेमिंगने बलून फ्रेमला मागे टाकलं, एक मजला पूर्ण करायचा, त्याच्यावर पुढच्या मजल्याच्या भिंती उभ्या करायच्या. आगीच्या आणि बांधायच्या दृष्टीने हे उत्तम, लांबलचक लाकूडही लागत नाही. फक्त प्रत्येक भिंतीच्या खाली एक आणि वर दोन आडव्या प्लेटा, म्हणजे आडवी लाकडं, आल्या, म्हणजे वरून खाली जाणाऱ्या प्रत्येक पाइपाला आता लाकूड भोसकूनच जावं लागणार.

आता पाइपांकडे. १७७५ मध्ये लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं, त्यात खाली वाकवलेला पाइप होता, त्या वळणात पाणी साचून राहतं आणि खालचा वास वर येत नाही. आजचा प्रत्येक ट्रॅप त्याचाच वंशज. तीन वर्षांनी, १७७८ मध्ये, जोसेफ ब्रामाने त्यात सुधारणा करून स्वतःचं पेटंट घेतलं, आणि गंमत म्हणजे ब्रामा मूळचा सुतार, लंडनमध्ये कॅबिनेट बनवायचा आणि लोकांच्या घरी हे संडास बसवून द्यायचा. म्हणजे दोन्ही कामं एकाच माणसाच्या हातात असणं ही काही आजची गोष्ट नाही.

संडास घरात आले तरी गटारं तयार नव्हती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी इतकी वाढली की पार्लमेंटला काम करणं अवघड झालं आणि मग इंजिनीअर जोसेफ बॅझलजेटच्या गटार योजनेला मंजुरी आणि पैसा मिळाला. शहराच्या गटाराला घर जोडलं गेलं की घाण जाते हे खरं, पण त्याच पाइपातून गटारातली हवा घरात येऊ शकते ही नवी भीती सुरू झाली. १८७१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स स्कारबरोतल्या एका बंगल्यात राहून आला आणि टायफॉइडने मरता मरता वाचला, त्याच बंगल्यातला दुसरा पाहुणा, अर्ल ऑफ चेस्टरफील्ड, तर गेलाच. दोष बंगल्याच्या ड्रेनेजवर आला आणि गटारातल्या वायूने रोग होतात ही धास्ती घराघरात शिरली. शास्त्र म्हणून ते चूकच, टायफॉइड दूषित पाण्या-अन्नातून येतो, हवेतून नाही. पण त्या चुकीच्या समजुतीने प्लंबिंग जेवढं सुधारलं तेवढं बरोबर समजुतीनेही लवकर सुधारलं नसतं असं मला वाटतं.

त्या काळातली एक तपासणी सांगण्यासारखी आहे. पाइपाच्या वरच्या तोंडातून पेपरमिंटचं तेल आणि गरम पाणी ओतायचं आणि खाली घरात दुसऱ्या माणसाने खोल्या हुंगत फिरायचं, पुदिन्याचा वास आला की तिथे गळती. ज्याने तेल ओतलं त्याने तपासणी संपेपर्यंत वरच थांबायचं, कारण त्याच्या हाताचा वास घरात आला की सगळंच मुसळ केरात.

याच धास्तीतून पाइप भिंतीबाहेर आले. १८८० नंतर चांगलं बाथरूम म्हणजे उघडे पाइप, बेसिनखाली लाकडी कपाट नको, कमोडभोवती लाकडी पेटी नको, जे काय गळायचं ते दिसलं पाहिजे. ब्रिटनमध्ये तर सांडपाण्याचे उभे पाइप घराच्या बाहेरच्या भिंतीवरच लावायचे, संडासाचा वेगळा आणि अंघोळी-बेसिनचा वेगळा. दिसायला कसंही असो, तुळईला भोक पाडायचा प्रश्नच नाही. पण थंडीत ते गोठायचे, आणि १९६० च्या दशकात तिथल्या नियमांनी पाइप घराच्या आत घ्यायला लावले, पुढे कमी मजल्यांच्या घरांना सूट मिळाली. अमेरिकेत कडाक्याच्या थंडीच्या भागांत बाहेर पाइप ठेवणं कधीच परवडणारं नव्हतं, तिथे पाइप आतच, आणि उघड्या पाइपांची फॅशन ओसरल्यावर सरळ भिंतीत.

ट्रॅपसोबत आणखी एक भानगड होती, ती नीट कळायला शंभर वर्षं लागली. पाइपातून पाणी एकदम सुटलं की ते मागे हवा ओढतं, हवा मिळाली नाही तर ट्रॅपमधलं पाणीच ओढून नेतं, आणि मग वासाला रान मोकळं. उपाय म्हणजे व्हेंट, हवेसाठी वेगळा पाइप, थेट छताबाहेर. १८७० च्या दशकापासून हे रूढ होत गेलं आणि मग उत्साहाच्या भरात एवढे व्हेंट लावले गेले की भिंतीत पाण्याच्या पाइपांपेक्षा हवेचे पाइप जास्त. हर्बर्ट हूव्हर वाणिज्य मंत्री असताना, १९२० च्या दशकात, अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये यावर नीट प्रयोग झाले, तिथल्या रॉय हंटरने कुठल्या नळाचा-कमोडचा पाइपावर किती भार येतो हे फिक्स्चर युनिट नावाच्या मापात बसवलं, आणि १९४० मध्ये छापलेली त्याची पद्धत आजही नियमांच्या तळाशी आहे. १९७० च्या दशकात स्वीडनमधून हवा आत घेणारा पण बाहेर न सोडणारा व्हॉल्व्ह आला, त्यामुळे जिथे नियम परवानगी देतात तिथे प्रत्येक व्हेंट छतातून काढायची गरज राहिली नाही.

आता मापांची गोष्ट, आणि खरा त्रास इथे आहे. ज्याला टू-बाय-फोर म्हणतात ते लाकूड २ बाय ४ इंच नसतंच. रंधून, वाळवून आणि गिरण्यांच्या सोयीने ते बारीक होत गेलं, १९२४ च्या अमेरिकी प्रमाणात १⅝ बाय ३⅝ होतं आणि १९७० पासून १½ बाय ३½. इकडे कमोडचा ३ इंची प्लास्टिक पाइप बाहेरून मोजला तर बरोबर ३½ इंच. म्हणजे भिंतीची जाडी आणि पाइपाची जाडी एकच, आणि जोडाचा सॉकेट त्याहून जाड, तो बाहेर आलाच. वरच्या प्लेटमधून हा पाइप नेला तर प्लेट आरपार तुटते, म्हणून तिथे लोखंडी पट्टी ठोकून दोन तुकडे परत बांधायला लागतात. यावर जुनं उत्तर म्हणजे बाथरूममागची एक भिंत ६ इंची लाकडाची करायची आणि सगळे जाड पाइप तिच्यातूनच न्यायचे. नकाशातच हे केलं तर फारसा खर्च नाही, भिंत उभी झाल्यावर सुचलं तर बाथरूम लहान होतं.

मजल्याचं गणित आणखी घट्ट. अमेरिकी नियम सांगतो की जॉइस्टला, म्हणजे मजल्याच्या आडव्या तुळईला, तिच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून मोठं भोक नको आणि वरच्या-खालच्या कडेपासून २ इंच सोडायचे. टू-बाय-टेन जॉइस्ट प्रत्यक्षात ९¼ इंच उंच, म्हणजे भोक फार तर ३ इंचांचं. कमोडचा ३½ इंची पाइप आडवा जाऊच शकत नाही, विषय संपला. शॉवरचा २ इंची पाइप बाहेरून २⅜, त्याला अडीच इंचांचं भोक धरा, कडा सोडून उरतात सव्वापाच इंच, त्यातून भोक वजा केलं की ढाळासाठी उरले पावणेतीन इंच. फुटाला पाव इंच ढाळ लागतो, म्हणजे सगळं अगदी काटेकोर झालं तरी ११ फुटांवर खेळ खलास. त्यात दोन जॉइस्टमधलं अंतर साडेचौदा इंच, सरळ कडक पाइप एवढ्या फटीतून वळवून भोकांत सरकत नाही, मग तुकडे करा, जोड लावा, प्रत्येक जोड म्हणजे गळायची एक जागा. म्हणूनच जुने लोक आधी कमोड कुठे ते विचारतात आणि मग जॉइस्टची दिशा ठरवतात. पाइप जॉइस्टला समांतर गेला की यातलं काहीच करावं लागत नाही.

हे भोक-खाचांचे नियम मनाला येईल तसे केलेले नाहीत. तुळई वाकते तेव्हा वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधोमध जवळपास काहीच होत नाही, म्हणून भोक मध्यरेषेत चालतं पण खालच्या कडेला गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराच्या, मध्यावर घातलेली खाच घात करते. ब्रिटिश पद्धतीत भोक उंचीच्या पाव भागापर्यंतच आणि टेकूपासून गाळ्याच्या ०.२५ ते ०.४ लांबीच्या पट्ट्यातच. आय आकाराच्या तयार तुळया १९६० च्या दशकाअखेरीस आल्या, त्यांनी गणित उलटं केलं, मधल्या पातळ पत्र्यासारख्या लाकडी भागात उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे चांगलं मोठं भोक चालतं, पण वरच्या-खालच्या पट्टीला करवत लागली की तुळई गेलीच.

पाइपाचा माल बदलला नसता तर हे काम हौशी माणसाच्या हातात आलंच नसतं. शिशाच्या पाइपाचा जोड म्हणजे वितळलेलं शिसं-कथील कापडाने पुसत पुसत आकार द्यायचा, ते शिकायला वर्षं जायची. तांबं आलं तेव्हा सोल्डर सोपं झालं पण सुक्या लाकडाशेजारी ज्वाला धरायची भीती आली, शिवाय सोल्डरमधलं शिसं, ज्यावर पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेने १९८६ मध्ये बंदी घातली. १९६८ मध्ये जर्मनीत थॉमस एंगेलने क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिलीनची पद्धत काढली, तोच आजचा पेक्स पाइप, वाकतो, लांब गुंडाळीत येतो, भिंतीत एकही जोड न ठेवता नेता येतो. मधे एक प्रकरण महागात पडलं, पॉलिब्युटिलीनचे पाइप आणि त्यांचे जोड १९७८ पासून अमेरिकेत लाखो घरांत गेले, भिंतीआड फुटायला लागले आणि १९९५ मध्ये ९५ कोटी डॉलरच्या आसपास तडजोड झाली. सांडपाण्याला मात्र पेक्सचा काही उपयोग नाही, तिथे ढाळ आणि व्यास यांना पर्याय नाही, म्हणून फर्स्ट फिक्समध्ये आधी सांडपाणी, मग पाणी, मग वायर हाच क्रम, कारण वायर कुठूनही वळते.

स्वतः बांधणाऱ्यांसाठी घर खोक्यात देण्याचा धंदा जुना आहे. अलादीन कंपनीने १९०६ मध्ये मिशिगनमध्ये सुरुवात केली, सिअर्सने १९०८ ते १९४० मध्ये ७० हजारांवर घरं कॅटलॉगमधून विकली, लाकूड मोजून कापून यायचं. पण प्लंबिंग वेगळं, जास्तीचे पैसे भरून, आणि सुरुवातीच्या काही मॉडेलांत तर बाथरूमच नव्हतं. सांगाडा एका खोक्यात आणि पाइप दुसऱ्या, ही फाळणी तेव्हापासूनची. वास्तुविशारद वॉल्टर सीगलने लंडनच्या लुइशममध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी सामान्य लोकांकडून लाकडी घरं बांधून घेतली, खांबांवर जमिनीपासून वर उचललेली, म्हणजे खालच्या मजल्याचे पाइप जमिनीत पुरलेच नाहीत, वाकून बघता येतात. मला ही युक्ती आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते, पण सपाट जागा आणि फरशी हवी असणाऱ्यांना ती पटत नाही.

पेपरमिंटची जागा आता दाबाने घेतली. अमेरिकेत सांडपाण्याच्या पाइपांत १० फूट उंचीएवढं पाणी भरून १५ मिनिटं थांबायची पद्धत आहे, ब्रिटनमध्ये ३८ मिलिमीटर पाण्याच्या दाबाची हवा भरून ३ मिनिटं. हे भिंत उघडी असतानाच करायचं, आणि स्टडच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत गेलेल्या प्रत्येक पाइपासमोर लोखंडी प्लेट ठोकायची, कारण बोर्ड लावणाऱ्याच्या स्क्रूला आत पाइप आहे हे कळत नाही. पाइपाशेजारी मेजरिंग टेप धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा, बोर्ड चढला की त्यांच्याशिवाय दुसरा नकाशा नसतो.