चेक इंजिनचा दिवा लागला, तर बॅटरीचे टर्मिनल काढू नका
(आमच्या गॅरेजच्या स्पोर्ट्स कार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शनिवारी सकाळी अलिबागजवळ मांडव्याला रो-रो बोटीतून माणसे उतरतात आणि दुपारपर्यंत आमचा फोन वाजतो. "बंगल्यावरच्या गाडीचा दिवा लागला होता. टर्मिनल काढून दहा मिनिटांनी लावलं, गेला. तरी एकदा बघाल का?"

बघतो, जरूर बघतो. पण तोवर बघण्यासारखे जे होते ते बहुतेक वेळा पुसले गेलेले असते. आजार तसाच आणि केसपेपर मात्र फाडून टाकलेला, अशी गाडी आमच्याकडे येते.

दिवा लागतो तेव्हा इंजिनचा कॉम्प्युटर नुसता दोषाचा कोड नोंदवून थांबत नाही. त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, कूलंट किती तापलेले, इंजिनवर लोड किती, पेट्रोल किती वाढवून द्यावे लागत होते, हेही तो टिपून ठेवतो. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, आणि आम्हाला कोडपेक्षा हीच नोंद जास्त हवी असते. उदाहरणार्थ, पी०१७१ हा कोड. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, एवढेच तो सांगतो. हे आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) घडले असेल तर आम्ही आधी इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, होसमध्ये बारीक गळती शोधतो, कारण इंजिन मुळात कमी हवा ओढत असताना चोरून शिरलेली थोडी हवाही भारी पडते. तेच पेणकडे जाताना कार्ले खिंडीच्या चढावर घडले असेल, तर संशय पेट्रोलचा पंप, फिल्टर, इंजेक्टर यांवर जातो. फ्रीझ फ्रेमची एक ओळ हातात असली की अर्धी गाडी उघडायची वाचते.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक गाडी आली. चढावर दम तोडायची, सपाटीला एकदम ठीक. केअरटेकरने चांगल्या हेतूनेच टर्मिनल काढून लावले होते. आम्ही चार दिवस ती गाडी चालवली, तेव्हा कुठे दोष पुन्हा हाती लागला: फ्युएल पंपाच्या कनेक्टरमध्ये खाऱ्या हवेने आलेला हिरवा गंज. साफसफाई आणि नवी पिन, पंधरा मिनिटांचे काम. बिल मात्र चार दिवसांच्या शोधाचे करावे लागले आणि ते देताना आम्हालाच वाईट वाटले.

दिवा गेला म्हणजे दोष गेला असे समजू नका. बरेचसे दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसले तरच कॉम्प्युटर दिवा लावतो. त्यामुळे पुसल्यावर एक-दोन दिवस डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो. शिवाय अनेक गाड्यांत आयडलची आणि गिअरची शिकलेली सेटिंगही जातात, काचा एका दाबात वर जात नाहीत, आणि मग "गाडी गॅरेजला गेल्यावर बिघडली" असे आम्हाला ऐकावे लागते.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घरी असेल तर उत्तमच. कोड वाचा, फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या आणि आम्हाला पाठवा. फक्त 'क्लिअर' दाबू नका. स्कॅनर नसेल तर डॅशबोर्डचा फोटो पुरे. सोबत इंजिन थंड होते की गरम, वेग किती होता, पाऊस होता का, एवढे लिहा. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी न्यायला बहुधा हरकत नसते. लुकलुकत असेल तर मिसफायर होतो आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते, तेव्हा गाडी बाजूला घ्या. ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन त्या क्षणी बंद.

फोन करण्याआधी मल्टिमीटर लावून बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, कारण व्होल्टेज पडले की एबीएस, स्टिअरिंग, गिअर सगळेच खोट्या तक्रारी नोंदवू लागतात. पाच दिवस उभी गाडी रोज पाच मिनिटे स्टार्ट करून ठेवू नका. स्टार्टरने खाल्लेला करंटही नीट भरून येत नाही, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते. त्यापेक्षा बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवा. पोर्शे ९११वाल्यांनी तर नक्कीच: बऱ्याच मॉडेलांत बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीची कडी विजेवर, म्हणजे बॅटरी पार उतरली की झाकणच उघडत नाही. फ्यूजबॉक्समधून बाहेरचे १२ व्होल्ट देऊन ते उघडता येते. पहिल्यांदा करताना आम्हाला फोन करा, बोलत बोलत करून घेऊ.

गाडी पुळणीवर नेली असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा आणि ब्रेक सुकेपर्यंत थोडी चालवा. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून आठवडाभर सोडलेल्या गाडीचे पॅड डिस्कला धरतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. नवे डॉट ४ प्रतीचे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, पाणी शिरलेले १५५ला उकळू शकते. इथल्या दमट हवेत आम्ही ते दरवर्षी बदलतो, कंपनीचे पुस्तक दोन वर्षे म्हणत असले तरी.

स्कॅनिंगचे पैसे आम्ही वेगळे घेतो, याबद्दल काहींची नाराजी असते. कोड पुसायला दोन मिनिटे लागतात. तेवढ्याचे आम्ही काहीच घेणार नाही आणि नुसते पुसूनही देणार नाही. पैसे असतात ते नोंद वाचण्याचे, गाडी चालवून बघण्याचे आणि प्रत्येक अर्थिंग उघडून तपासण्याचे. दुरुस्ती आमच्याकडे केलीत तर ते बिलातून वजा होतात.

पावसाळ्यानंतरची तपासणी (कनेक्टर, अर्थिंग, ब्रेक ऑइल, उंदरांनी कुरतडलेले वायरिंग) आम्ही बंगल्यावर येऊनही करतो. दिवाळीच्या सुट्टीत गाडी लागणार असेल तर दसऱ्याआधी कळवा, आणि टर्मिनल जागेवर असू द्या.