आम्ल करणाऱ्या जिवाणूंना आम्लाचाच अडसर

कोमट दुधात चमचाभर विरजण घालून भांडे रात्रभर झाकून ठेवले, की सकाळी कवडीदार दही लागलेले असते. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात आणि सामू (म्हणजे pH, आंबटपणाचे माप; तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 4.6 च्या आसपास उतरला, की केसीन हे प्रथिन गोळा होऊन दूध थिजते. हेच दही बाहेर राहिले तर आणखी आंबते, पण एका मर्यादेनंतर त्याचे आंबणे थांबते. गंमत अशी, की तेव्हाही त्यात बरीच साखर शिल्लक असते. जिवाणूंना थांबवते ते त्यांनी स्वतःच केलेले आम्ल.

नासलेल्या दुधातून हे आम्ल 1780 मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील यांनी वेगळे केले, आणि ते सजीवांच्या कामातून तयार होते हे लुई पाश्चर यांनी 1857 मध्ये दाखवले. आज मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसापासून मिळणारी साखर मोठ्या टाक्यांत आंबवून ते तयार केले जाते.

साखरेच्या दृष्टीने हा व्यवहार फार काटकसरीचा आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू होतात आणि कार्बनचा एकही अणू वाया जात नाही, त्यामुळे 180 ग्रॅम ग्लुकोजपासून हिशेबाने 180 ग्रॅमच आम्ल मिळायला हवे. मद्यार्काच्या किण्वनात मात्र साखरेचे जवळजवळ अर्धे वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते.

अडचण येते ती सामू घसरल्यावर. सामू 3.86 च्या खाली गेला, की निम्म्याहून अधिक आम्ल विघटन न झालेल्या रूपात राहते, आणि या रूपातले रेणू पेशीच्या पटलातून सहज आत शिरतात. आत गेल्यावर त्यांचे विघटन होऊन हायड्रोजन आयन सुटतात आणि ते बाहेर उपसण्यातच पेशीची ऊर्जा खर्ची पडते. ही ऊर्जा मुळातच तुटपुंजी असते, कारण या मार्गाने एका ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचे, फक्त दोन रेणू हाती लागतात.

यावर जुना आणि अजूनही चालणारा उपाय म्हणजे खडूची भुकटी, अर्थात कॅल्शियम कार्बोनेट. ती टाकीत पडली, की आम्लाशी संयोग होऊन वायूचे बुडबुडे फसफसत वर येतात, सामू 5 ते 6 च्या दरम्यान टिकतो आणि जिवाणू साखर संपेपर्यंत काम करत राहतात. मात्र टाकीतून आम्लाऐवजी कॅल्शियम लॅक्टेट हाती येते. त्यातून आम्ल सोडवायला गंधकाम्ल घालावे लागते आणि खाली जिप्समचा साका बसतो, तोही थोडाथोडका नव्हे: टनभर लॅक्टिक आम्लामागे जवळपास टनभर. निसर्गस्नेही म्हणून गौरवल्या जाणाऱ्या पदार्थाच्या मागे हा ढीग उभा असतो, हे माझ्या मते ग्राहकाला ठाऊक असायला हवे.

तरीही ही खटपट केली जाते, कारण रासायनिक संश्लेषणाने आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रूपांचे समसमान मिश्रण मिळते, तर योग्य जिवाणू निवडला तर जवळजवळ एकाच रूपाचे आम्ल मिळते. मक्याच्या साखरेपासून होणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्ल या प्लास्टिकला ही शुद्धता लागते; रूपांची सरमिसळ झाली, तर त्याचे स्फटिक नीट होत नाहीत आणि ते कमी उष्णतेतच मऊ पडते.

आता जनुकीय बदल केलेले यीस्ट या कामी येऊ लागले आहे. यीस्ट मुळात आंबट वातावरणात तग धरणारे असते. त्याला लॅक्टिक आम्ल करणारे जनुक दिले, की सामू बराच खाली गेला तरी ते काम चालू ठेवते, खडू कमी लागतो आणि तितकेच जिप्समही कमी निघते.