मेंढ्यांनी खाल्लेली मोहरी पुन्हा कशी फुलते?

हरभऱ्याचे शेंडे खुडले की फांद्या फुटतात आणि घाटे वाढतात, हे बेळगाव जिल्ह्यातील अथणीकडच्या काळ्या रानात कोणाला सांगावे लागत नाही. खुडलेल्या शेंड्यांची भाजी त्याच दिवशी चुलीवर चढते. आग्नेय ऑस्ट्रेलियातील शेतकरी मोहरीच्या कुळातील कॅनोलाकडूनही असाच पाला आणि दाणा दोन्ही घेतात, फक्त तेथे पाला खाण्याचे काम मेंढ्या करतात.

हे साधते ते वाढीच्या कोंबामुळे. कोवळ्या कॅनोलाची पाने जमिनीलगत पसरतात आणि हा कोंब त्यांच्या बुडाशी इतका खाली असतो की पाने ओरबाडली गेली तरी तो वाचतो. पुढे खोड उंच होऊ लागले की तोच कोंब कळ्यांसह वर चढतो, आणि त्या वेळी मेंढीने तो खाल्ला तर झाडाला बगलेतून नव्या फांद्या काढाव्या लागतात, फुलोरा लांबतो आणि दाणे उन्हाच्या तडाख्यात भरतात. म्हणून कळ्यांचा दांडा सुमारे १० सेंटीमीटर होण्याआधीच मेंढ्या बाहेर काढतात. रोपांनी मूळ धरले की नाही, हे आधी हाताने पाने ओढून पाहतात. पान तुटावे, रोप उपटून येऊ नये.

मात्र ही पद्धत जशीच्या तशी इकडे आणता येणार नाही. तेथे लांब चराईसाठी पेरलेल्या हिवाळी वाणांना फुलण्याआधी काही आठवडे कडक थंडी लागते. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असले तरी तशी थंडी येथे पडत नाही. ते वाण नुसते पानांतच राहतील. आपली मोहरी उलट दीड-दोन महिन्यांत फुलते, त्यामुळे चराईला मोजकेच दिवस मिळतात, आणि नव्या फुटीसाठी जमिनीत ओल हवी. म्हणून माझ्या मते हिडकल धरणाच्या कालव्याचे पाणी मिळणाऱ्या रानातच, तेही चार-सहा सऱ्यांवर, हा प्रयोग करावा.

ज्वारीच्या कोवळ्या फुटव्याची किराळ, म्हणजे विषबाधा, लागते, हे धनगरांना ठाऊक आहे. मोहरीवर्गाचे धोके वेगळे असले तरी तितकेच खरे आहेत. या पाल्यातील तिखट गंधकयुक्त द्रव्ये थायरॉइडवर परिणाम करतात, एक द्रव्य रक्तातील तांबड्या पेशी फोडते आणि युरियाचा हात सैल सुटला असेल तर पानांत नायट्रेटही साठते. उपाशी कळप कधीही सोडू नये. आधी कडबा द्यावा आणि पहिले काही दिवस थोडाच वेळ चारावे. शेजारच्या काही सऱ्या न चारता राखाव्यात आणि दोन्हींची मोहरी वेगवेगळी मळून तोलावी.