अतिदक्षता विभागात संशोधनाचा अवलंब

चाचणीत सरस ठरलेला उपचार अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक रुग्णाला रोज, न चुकता मिळावा यासाठी कामाची पद्धत बदलणे म्हणजे संशोधनाचा अवलंब. एखादा उपचार डॉक्टरांना ठाऊक असला म्हणून तो रुग्णाला मिळतोच असे नाही.

एआरडीएस या फुफ्फुसांच्या गंभीर आजारात हे स्पष्ट दिसते. व्हेंटिलेटरने दर श्वासाला जास्त हवा भरली, की आधीच सुजलेली फुफ्फुसे ताणली जाऊन आणखी इजा होते. अमेरिकेत 861 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाला. श्वासामागे वजनाच्या दर किलोला 12 ऐवजी 6 मिलीलिटर हवा दिल्यावर मृत्यूचे प्रमाण 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. यासाठी ना नवे औषध लागते, ना नवे यंत्र. तरीही 2016 साली 50 देशांच्या पाहणीत एआरडीएसच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना किलोला 8 मिलीलिटरपेक्षा जास्त हवा मिळत असल्याचे आढळले. कित्येकांचे तर निदानच झाले नव्हते.

अडचण बरेचदा अगदी साधी असते. हा हिशेब प्रत्यक्ष वजनावर नव्हे, उंचीवरून काढलेल्या वजनावर करायचा असतो. 150 सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीला सुमारे 260 मिलीलिटर पुरतात. तिचे वजन 70 किलो आहे म्हणून तेच धरले, तर आकडा 420 वर जातो. बेशुद्ध रुग्णाची उंची बहुधा अंदाजानेच लिहिली जाते. दाखल होताच टेपने उंची मोजून व्हेंटिलेटरवर आकडा लिहून ठेवणे ही फार मोलाची सवय आहे.

मिशिगन राज्यातील उपक्रमात (निष्कर्ष 2006) सेंट्रल लाइनमुळे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे) रक्तात होणारा जंतुसंसर्ग रोखण्यासाठी पाच गोष्टी ठरवल्या: हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. सारे साहित्य एकाच गाडीवर ठेवले. पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला, आणि माझ्या मते यादीपेक्षा हा अधिकारच महत्त्वाचा होता. दीड वर्षात हजार लाइन-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असणे म्हणजे एक लाइन-दिवस) संसर्गाचे सरासरी प्रमाण 7.7 वरून 1.4 वर आले.

घाईही घातक ठरू शकते. 2001 साली बेल्जियममधील एका रुग्णालयातल्या चाचणीनंतर इन्सुलिनने साखर 80 ते 110 च्या दरम्यान ठेवण्याची पद्धत जगभर पसरली. 2009 साली सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत अशा काटेकोर नियंत्रणाने मृत्यू वाढल्याचे दिसले, आणि रुजलेली पद्धत मोडून काढावी लागली.