युरिया सोडला तरी मीटर का हलत नाही?

शेतकरी मंडळी, नमस्कार.

निपाणी-चिकोडी भागातले ठिबकवाले ऊसकरी आता टाकीतलं द्रावण ईसी मीटरनं, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणाऱ्या यंत्रानं, बघतात. मग दुकानात येऊन विचारतात, "युरिया एवढा सोडला, मीटर हलेना. माल भेसळीचा आहे काय?" तसं नाही. युरियाचा स्वभावच तसा आहे.

काउंटरवर आम्ही करून दाखवतो. बॅटरीच्या एक लिटर पाण्यात एक ग्रॅम पांढरा पोटॅश टाकला की मीटर शून्याजवळून १.९ च्या आसपास चढतं. दुसऱ्या लिटरात एक ग्रॅम युरिया टाका. दाणा न् दाणा विरघळतो, पण आकडा जवळपास जागेवरच.

पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, हे आयनिक संयुग. पोटॅशियमनं आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकलेला असतो. धन आणि ऋण आयन, म्हणजे भार असलेले कण, एकमेकांना इतके घट्ट धरतात की ते वितळवायला ७७० अंश सेल्सिअस लागतात. पाण्यात मात्र ते सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. मीटर तेवढंच मोजतं. युरिया सहसंयुज. त्यातले अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात, त्यामुळे रेणू पाण्यातही अख्खा राहतो, त्यावर भार नसतो. तो १३३ अंशालाच वितळतो. सहसंयुज पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत असं शाळेत पाठ केलेलं असतं, पण साखर आणि युरिया दोन्ही मस्त विरघळतात.

म्हणून युरिया वजनानंच मोजा, मीटरवर जाऊ नका.

जमिनीतही हाच फरक. भार नसलेल्या युरियाला काळी माती धरून ठेवत नाही. काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं, त्यावर धन भार असतो, मग माती त्याला धरते. तोवर भरमसाट पाणी दिलंत तर युरिया मुळांच्या खाली गेला. नुसता वर पसरून ठेवलात तर अमोनिया होऊन उडाला. हलकं पाणी द्या.

टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि एसओपी (पोटॅशियम सल्फेट) एकत्र कधीच टाकू नका. सुटे झालेले कॅल्शियम आणि सल्फेट जुळून जिप्सम होतं, आणि ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी सोडा.

तंबाखूवाल्यांनी एमओपी, म्हणजे वरचा पोटॅशियम क्लोराइडवाला पोटॅश, घेऊ नये. त्यातल्या क्लोराइडनं पान नीट जळत नाही. एसओपीच घ्या.

येताना विहिरीचं पाणी एका बाटलीत आणा. त्याची स्वतःची ईसी किती, ते आधी बघू, मग खताचं ठरवू.